अण्णांनी चालायचं ठरवलं तो जानेवारी

जानेवारी आला की मला राग येतो. थंडीवर नाही. आमच्या दिंद्रुडची थंडी तशी गरीब, पाहुणीसारखी येते आणि संक्रांत आटोपली की निघायच्या गोष्टी करते. राग येतो तो मोबाइलवर. एक तारखेच्या पहाटेपासून शाळेच्या ग्रुपवर, माहेरच्या ग्रुपवर संकल्पांचा पाऊस सुरू होतो. रोज दहा हजार पावलं. साखर बंद. मैदा बंद. कुणीतरी उगवत्या सूर्यासमोर पळणाऱ्या माणसाचं चित्र टाकतं, त्या माणसाच्या पायात पांढरे बूट असतात. मी ते चित्र पाहते आणि फोन पालथा घालते.

यंदाही घातला. बाहेर उसाचे ट्रॅक्टर चालले होते. रस्त्यावर उसाच्या शेंड्यांची हिरवी वाढं सांडलेली, त्यांचा ओलसर गोड वास थेट स्वयंपाकघरापर्यंत आलेला. कारखान्यांचा हंगाम भरात असला की आमच्या भागात हवासुद्धा गोड होते. आमच्या शाळेतले एक सर म्हणायचे, माजलगाव तालुक्यात साखर दोनच ठिकाणी पिकते, कारखान्यात आणि माणसाच्या रक्तात. ते सर आता इन्सुलिन घेतात.

अण्णा म्हणजे माझे यजमान. सगळं गाव अण्णा म्हणतं, म्हणून मीही म्हणते. दहा वर्षं सरपंच होते. पद गेलं, पण माणसं काही दारातून गेली नाहीत. त्यांना शुगर निघाली त्याला आता दहा वर्षं होतील. आमच्याकडे पुढाऱ्याला शुगर होणं म्हणजे पैलवानाचा कान मोडण्यासारखं आहे, धंद्याचाच तो भाग. कुणाच्या दारात गेलं आणि चहा नको म्हटलं, तर ते घर गेलंच म्हणून समजायचं. ‘आमच्या घरचा चहा अण्णाला चालत न्हाई’ हे वाक्य दुपारपर्यंत वेशीपाशी पोहोचतं. बिनसाखरेचा द्या म्हणावं तर घरची बाई ओशाळते. अण्णा आलेत आणि फिका चहा कसा द्यायचा? ती माउली उलट एक चमचा जास्तच टाकते.

मध्ये दोन वर्षं अण्णांनी साखर सोडली होती. अगदी कडक. घरात साखरेचा डबाच ठेवू दिला नाही. तिच्याऐवजी गूळ. गुळाचा चहा, गुळाची लापशी, जेवणानंतर गुळाचा खडा. शेजारच्या गावच्या गुऱ्हाळवाल्यानं मोठ्या प्रेमानं ढेप पाठवली होती. ‘साखर कारखान्याची, गूळ रानाचा. रानातलं काय बाधतंय व्हय?’ असं अण्णा म्हणायचे आणि येणाजाणारे माना डोलवायचे. मीसुद्धा डोलवली. मी सातवीला विज्ञान शिकवते, हे इथं सांगून टाकलेलं बरं.

तर वर्षापूर्वीच्या डिसेंबरात माजलगावच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, वजन उतरवा, गुळाचं नाटक बंद करा, रोज चाला आणि पायांना जपा. अण्णांनी चारातलं एक ऐकलं. चाला. बाकीची तीन डॉक्टरांच्या टेबलावरच राहिली.

एकतीस तारखेला दगडूभाऊंच्या रानात हुरडा होता. दगडूभाऊ म्हणजे अण्णांचे लहानपणापासूनचे जोडीदार. ज्वारी नुकती दाण्यात आलेली, आगटीभोवती दहा-बारा पुरुष बसलेले, आम्ही बायका पलीकडे शेंगदाण्याची चटणी आणि दही वाढत होतो. गोवऱ्यांचा निखारा उडून अण्णांच्या पायाशी पडला. पडला म्हणजे तळव्याला टेकलाच. अण्णा आपले बोलतच होते. दगडूभाऊंनी काडीनं निखारा उडवला आणि ओरडले, “अण्णा, पाय हाय का लोखंड बे?” सगळे हसले. अण्णाही हसले. वहाण नव्हती पायात, उघडाच पाय होता. मी चटणीची वाटी हातात धरून तिकडे पाहिल्याचं मला आठवतं. मग कुणीतरी दही मागितलं.

त्या हशात चालायचा विषय निघाला. अण्णा म्हणाले, उद्यापासून रोज चालणार. झालं, सगळ्यांना ऊत आला. अण्णा आणि चालणार? अण्णा मतदानालासुद्धा गाडीतून जातात, अण्णांच्या चपला झिजतात त्या गाडीत चढता-उतरता. अण्णांचा चेहरा लाल झाला. “एकशे एक दिवस,” ते म्हणाले. “एक बी खाडा न्हाई.”

“निस्ता शब्द न्हाई चालायचा,” दगडूभाऊ म्हणाले. “बेलभंडारा उचला.”

हे परगावच्या माणसाला सांगावं लागेल. बेलाचं पान आणि चिमूटभर हळद तळहातावर घेऊन जे बोललं, ते मोडायचं नसतं. मोडलं तर देव बघून घेतो. निवडणुकीच्या आदल्या दिवशी आमच्याकडे काही माणसं खिशात हळदीची पुडी घेऊन फिरतात, ती पूजेसाठी नव्हे. अण्णांनी स्वतः किती जणांना बेलभंडारा उचलायला लावला असेल, त्याला गणती नाही. त्यामुळे त्यांना नाही म्हणता येईना. रानाच्या कडेला खंडोबाचं ठाणं आहे, तिथली हळद आली, बेल आला. आगटीच्या उजेडात अण्णांनी हात पुढे केला आणि म्हणाले, एकशे एक दिवस रोज सकाळी कालव्याच्या पुलापर्यंत जाऊन येईन. टाळ्या पडल्या. मला आनंद झाला. नऊ वर्षं माझं कधी न ऐकलेला माणूस देवाच्या धाकानं का होईना ऐकणार होता.

बूट पुण्याहून आधीच आलेले होते. आमच्या नितीननं, मुलानं, डॉक्टरांचं कळताच पार्सल केलेले. पांढरे, हिरव्या पट्ट्याचे. आठ नंबर. अण्णांनी जन्मभर चामडी वहाण घातलेली. तिच्यात पाय मोकळा पसरतो, त्याचा पंजा रुंद होतो. बुटाचा आठ त्यांच्या आठाहून निराळा होता, पण अण्णांनी दात आवळून पाय आत घातला, नाडी आवळली आणि अंगणात दोन फेऱ्या मारल्या. “एकदम फिट,” म्हणाले. मी विचारलं, चावत तर नाहीत ना? आमच्याकडे नवी वहाण चावतेच. पहिले आठ दिवस ती चावते, मग ऐकायला लागते, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. चावली म्हणून कुणी ती काढून ठेवत नाही, तेल लावतात आणि घालतात.

“चावतच न्हाईत,” अण्णा कौतुकानं म्हणाले. “लई भारी बूट हायेत.”

नितीनला फोन करूनसुद्धा त्यांनी हेच सांगितलं. बूट असावेत तर असे. पहिल्या दिवसापासून पायाला कळतसुद्धा नाही. हे वाक्य मला आता आठवलं की हातातलं काम सुटतं.

आम्ही दोघं निघायचो. एकटं चालायची अण्णांना लाज वाटायची, म्हणून मी. घरापासून पुलापर्यंत दोन किलोमीटर. सहाला अंधार विरत असायचा, तुरीच्या रानांवर धुकं असायचं, नाकाचा शेंडा गार पडायचा. पहिल्या दिवशी तीन मोटारसायकली थांबल्या. “बसा की अण्णा, सोडतो.” आम्ही चालायला निघालोय हे एकालाही पटेना. गाडी बिघडली असेल, कुठं मयत झाली असेल, काहीतरी असणारच. आमच्याकडे काम नसताना पायी चालणारा माणूस म्हणजे एक तर नवस फेडणारा, नाही तर डोकं फिरलेला. तिसऱ्या दिवसापासून लोकांना सवय झाली. मग ते थांबून फक्त मोजायचे. “अण्णा, आज तीन?” “अण्णा, सहा झाले का?” अण्णा हात वर करायचे.

आणि बोलायचे. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. आमच्या लग्नाला एकोणतीस वर्षं झाली होती. एकोणतीस वर्षांत आम्ही दोघं कुठं जाताना अण्णा पुढे असायचे, किंवा गाडीत पुढच्या सीटवर असायचे, किंवा त्यांच्याभोवती चार माणसं असायची. शेजारी शेजारी, एका चालीनं, नुसतं चाललो नव्हतो. पाचव्या दिवशी त्यांनी विचारलं, “तुझ्या वर्गात पोरं किती हायत गं?” मी नोकरीला लागून सव्वीस वर्षं झाली होती. मी सांगितलं, अडतीस. त्यांनी त्यातल्या हुशार पोरांची नावं विचारली. दुसऱ्या दिवशी ती त्यांच्या लक्षात होती. त्यांची आई वारली त्या वर्षीचं, शाळा बुडवून सिंदफणेत पोहायला गेलेल्या दिवसांचं, असं काहीबाही ते सांगत राहायचे. पुलाच्या कठड्याला टेकून आम्ही दम खायचो, आणि परतताना मला वाटायचं, रस्ता अजून थोडा असता तर बरं झालं असतं.

कालव्याच्या अलीकडे ऊसतोड्यांच्या कोप्या होत्या, पाचटाच्या झोपड्या, एकीला एक लागून. आम्ही तिथं पोहोचेपर्यंत त्यांचा निम्मा दिवस झालेला असायचा. एक बाई रोज दिसायची. माझ्याच वयाची असेल, कदाचित कमीच. मोळी बांधता बांधता आमच्याकडे बघायची. एका सकाळी तिनं विचारलंच.

“बाई, कावून चालायलेत रोज? नवस हाय का?”

“न्हाई ओ. यांना शुगर हाय.”

“मग तोडीला पाठवा की आमच्यासंगं. चार दिसात उतरंल.” ती मोकळी हसली. अण्णाही हसले आणि पुढे निघाले. ती मात्र त्यांच्या पायांकडे बघत राहिली. मग मला म्हणाली, “मालक डाव्या पायानं लंगडायलेत.”

मी म्हणाले, नवे बूट आहेत.

“आसंल. पर बैल आसा चालाय लागला की आमी आदी खूर बगतोत.”

मला राग आला. सरपंच राहिलेल्या माणसाची बैलाशी बरोबरी करते म्हणून आला असेल. मी पाऊल उचललं आणि अण्णांना गाठलं. चालताना मी त्यांच्या डाव्या पायाकडे पाहिलं नाही. खरं सांगायचं तर पाहायचं टाळलं.

त्याच दिवशी दुपारी मोजे धुवायला काढले. डाव्या मोज्याला करंगळीच्या बाजूला तपकिरी डाग होता, शर्टाच्या बटणाएवढा. बुटाचा रंग लागला असेल, असं मी स्वतःला सांगितलं. बूट पांढरे होते. रक्ताचा डाग गरम पाण्यानं पक्का होतो, तो थंड पाण्यानं धुवायचा असतो, हे मी पोरींना दरवर्षी शिकवते. मी बादलीतलं गरम पाणी बाजूला सारलं आणि नळाचं गार पाणी घेतलं. डोकं रंग म्हणत होतं आणि हातांना सगळं माहीत होतं. डाग निघाला. मी मोजे दोरीवर वाळत घातले आणि कुणाला काही बोलले नाही.

का बोलले नाही? गेलं वर्षभर मी स्वतःला हे विचारते. बेलभंडारा मोडेल म्हणून? देवाला मी भिते, पण इतकी नाही. लोक काय म्हणतील म्हणून? थोडं तेही असेल. पण खरं कारण एवढंच की मला उद्याची सकाळ हवी होती. बोलले असते तर बूट माळ्यावर गेले असते आणि अण्णा पुन्हा ओसरीवर, चार माणसांत. मला तो एक तास सोडवेना. दुसऱ्या दिवशी डाग थोडा मोठा होता. तिसऱ्या दिवशी मोजे धुतलेले मिळाले, अण्णांनी स्वतःच धुवून टाकले होते. ज्या माणसानं आयुष्यात रुमाल धुतला नाही, त्यानं मोजे धुतले, आणि मी तेसुद्धा विचारलं नाही.

संक्रांतीला मी तिळाचे लाडू केले, अण्णांसाठी बिनगुळाचे नुसते भाजलेले तीळ ठेवले. त्यांनी ते मुकाट्यानं खाल्ले, तेव्हाच मला समजायला हवं होतं. त्यांच्या अंगात कणकण होती. दुसऱ्या दिवशी पहाटे ते अंगणात एकटेच बूट घालत बसले होते आणि त्यांचे दात वाजत होते. मी कपाळाला हात लावला, चटका बसला. आणि वास आला. उन्हाळ्यात मडक्यात पाणी सडलं की येतो तसला, पण त्याहून गोडसर.

“काढा बूट.”

“येऊन काढतो. पंधरावा हाय आज.”

“काढा म्हणते ना मी.”

“बेलभंडारा उचललाय म्या!” ते ओरडले. “गाव मोजतंय. तुला कळतंय का?”

मी खाली बसले आणि त्यांचा पाय मांडीवर ओढला. त्यांनी सोडवायचा प्रयत्न केला, पण अंगात त्राण नव्हतं. बूट निघेना, पाय सुजून आत अडकला होता. नाडी विळीनं कापली. मोजा कातडीला चिकटलेला होता. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काळं पडलं होतं, आणि बाजूला जखम, तिच्यात माझ्या करंगळीचं टोक गेलं असतं. मी हे सगळं ओढत-सोडवत असताना अण्णा नुसते बघत होते. दुखतंय असं एकदाही म्हणाले नाहीत. त्यांना दुखतच नव्हतं. मला त्या क्षणी जखमेपेक्षा त्याचीच जास्त भीती वाटली.

माजलगावच्या डॉक्टरांनी पाहताच बीडला न्यायला सांगितलं. गाडीत अण्णा मागच्या सीटवर आडवे होते, डोकं माझ्या मांडीवर. वाटेत उसाच्या ट्रॉल्या एकामागे एक, पुढे जायला जागा मिळेना. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता आणि मी ट्रॉल्यांच्या मागे लोंबणारे ऊस मोजत होते, कारण काहीतरी करायला हवं होतं. बीडच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं विचारलं, हे किती दिवसांपासून आहे?

“परवापासून,” अण्णा म्हणाले.

ती लिहायला लागली. मी म्हणाले, “न्हाई. सात दिवस झाले.” अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरिणीनं आधीचं खोडलं आणि पुन्हा लिहिलं. म्हणाली, दोन बोटं तर जाणारच. पण विष वर सरकतंय. दोन दिवस औषधाला पाय कसा साथ देतो ते बघू, नाही तर घोट्याच्या वरून काढावा लागेल. तिनं पेनानं पायावर सुजेच्या कडेला एक रेघ मारली. लाली रेघेच्या खाली राहिली तर पाय राहील.

ते दोन दिवस मी त्या रेघेकडे बघत काढले. दर तासाला पांघरूण सारायचं, रेघ बघायची, पांघरूण ओढायचं. आणि लोक येत होते. शहाळी आणत होते, सफरचंदं आणत होते. एकानं पेढे आणले. खुर्चीवर बसून म्हणत होते, “तापात बी खाडा पाडला न्हाई अण्णानं. शब्द म्हंजी शब्द.” त्यांच्या डोळ्यांत खरोखर कौतुक होतं. दगडूभाऊ म्हणाले, “पंधराव्या दिवशी बी बूट घातले व्हते म्हणं. असा माणूस व्हणे न्हाई.” तेव्हा मी उठले. मी आयुष्यात दगडूभाऊंना उलट बोलले नव्हते.

“भाऊ, तुमी घरी जा,” मी म्हणाले. “आन् गावात सांगा, पाय सडत व्हता आन् आमी दोघं टाळ्या ऐकत व्हतो.”

ते गेले. पेढ्यांचा पुडा मी नर्सला दिला.

दुसऱ्या संध्याकाळी लाली रेघेच्या बोटभर खाली होती. डॉक्टरिणीनं दोनदा पाहिलं आणि मान हलवली. सकाळी दोन बोटं काढणार होते, बाकीचा पाय राहणार होता. ती गेल्यावर मी पलंगाच्या कडेला बसले आणि अण्णांना मोज्याचं सांगितलं. बटणाएवढा डाग, गार पाणी, सगळं. का बोलले नाही तेही सांगितलं. सांगताना माझा आवाज शाळेत धडा म्हणून दाखवतात तसा सपाट येत होता. मला वाटलं होतं ते चिडतील. चिडले असते तर मला बरं वाटलं असतं.

त्यांनी नजर छताकडे वळवली. मग म्हणाले, “काढताना मोजा वल्ला लागायचा.”

“मग बोलला का न्हाईत?”

“बेलभंडाऱ्याचं म्या निस्तरलं आसतं गं. देवाला नारळ फोडला आसता, दगडूला गावजेवण घातलं आसतं. लई मार्ग आसतेत. पर सकाळचं बंद झालं आसतं.”

गावाला अजून वाटतं की अण्णांची दोन बोटं शब्दापायी गेली. आम्ही ते खोडून काढलेलं नाही. खरं काय ते सांगायचं म्हटलं तर पन्नाशी ओलांडलेल्या नवरा-बायकोला लाज वाटेल असं आहे.

त्यानंतरचं वर्ष पायाचं गेलं. जखम भरायला उन्हाळा उलटला. या घरात आता एकच नेम आहे, आणि तो कुणाला टाळ्या मारण्यासारखा नाही. रोज दिवेलागणीला अण्णा खुर्चीत बसतात, मी खाली पाटावर, आणि त्यांचा एकेक पाय मांडीवर घेऊन बॅटरीच्या उजेडात पाहते. बोटांच्या बेचक्या, टाच, तळवा, कातडीची घडी. सणावाराला मी या पायांवर डोकं टेकवत आले. तळवे कधी पाहिले नव्हते. सुरुवातीला अण्णा पाय आखडून घ्यायचे. बायकोनं पाय असा उलटा करून तपासायचा, भाजीवालीकडे वांगं बघतात तसा, हे त्यांना सोसेना. कुणी दारात आलं की झटकन धोतर ओढायचे. हळूहळू सवय झाली. एखाद्या दिवशी मी वह्या तपासत बसले आणि उशीर झाला, तर आता तेच खाकरतात.

साखर आणि गूळ दोन्ही गेले. लोकांच्या घरी चहाला नाही म्हणायला अण्णा अजून शिकतायत. महिन्यातून एखाद्या वेळी त्यांच्या मिशीला बासुंदी लागलेली सापडते आणि घरात दोन दिवस अबोला असतो. निवडणूक आली की काय होईल ते मला माहीत नाही.

यंदा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात डॉक्टरिणीनं परवानगी दिली. मऊ तळाची रुंद चप्पल, सावकाश, पुलापर्यंत जाऊन यायला हरकत नाही. पण जरा जरी लाल दिसलं तर त्या दिवशी नाही. अण्णांनी कुणाला सांगितलं नाही. मीही नाही. आम्ही बुधवार ठरवला. मंगळवारी दुपारपासून मला शाळेत काही सुचत नव्हतं. मुलांना उतारा लिहायला दिला आणि खिडकीतून बाहेर बघत बसले. घरी आले तर अण्णांनी चप्पल पुसून दाराशी ठेवली होती आणि माझी शालसुद्धा काढून ठेवली होती.

दिवेलागणीला पाय मांडीवर घेतला. करंगळी होती त्या जागेखाली, कडेला, हरभऱ्याच्या डाळीएवढं लाल दिसलं. मी बोटानं दाबलं. अण्णा वर बघत नितीनबद्दल काहीतरी बोलत होते. त्यांना कळलं नाही. कळणारच नव्हतं. माझ्याशिवाय जगात कुणालाच ते कळणार नव्हतं. बॅटरी बंद केली असती, पाय खाली ठेवला असता, तर सकाळी सहाला आम्ही रस्त्यावर असतो. एकच दिवस. एका दिवसानं काय होतं? माझ्या मनात ते आलं, खोटं कशाला सांगू.

“लाल हाय,” मी म्हणाले. “उद्या न्हाई जायचं.”

“कुठं हाय? कायबी न्हाई तिथं.”

“हाय.”

“एवढ्याशानं?”

“एवढ्याशानंच.”

त्यांनी पाय ओढून घेतला. “वरीस झालं,” ते म्हणाले, “वरीसभर घरकोंबडा करून ठिवलंय मला.” उठले, काठी आपटत आत गेले. जेवून भिंतीकडे तोंड करून झोपले. मला रडू येत होतं, आणि त्यांच्यावर तेवढाच रागही येत होता, कारण मलाही जायचं होतं हे त्यांना दिसत नव्हतं.

सकाळी सहाला दोघांनाही जाग आली. सवय. अण्णा घोंगडी पांघरून ओट्यावर जाऊन बसले, मी बिनसाखरेचा चहा नेऊन ठेवला आणि शेजारी बसले. रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला. मग दुसरा. तुरीच्या रानावरचं धुकं वर सरकत होतं. चहा संपवून त्यांनी कप खाली ठेवला. मग त्यांनी घोंगडी सारली, डावा पाय उचलला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

“बग,” म्हणाले, “कमी झालंय का.”

मी उजेडाकडे वळवून पाहिलं. होतं तेवढंच होतं.

“आज बी न्हाई,” मी म्हणाले. त्यांनी पाय तसाच राहू दिला.